उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही

नुमा: ...आणि गम्बो कुणाच्याही घरी खा, ताट चाटून खा, पण एकीच्या चुलीपाशी दुसरीच्या गम्बोचं नाव काढायचं नाही. माझ्या मावशीनं एकदा काढलं होतं. दोघी सख्ख्या बहिणी. त्यानंतर एकीच्या मयतालाच दुसरी गेली.

लीफ: एका रश्श्यावरून?

नुमा: रस्सा म्हणू नकोस, हेही डोक्यात ठेव. गम्बो म्हणजे गम्बो. आणि तो बर्फाचा गोळा असा उकरू नकोस, विहीर खणतोयस का? वरचं गोड दूध आधी खाली उतरू दे. तुमच्या डुलूथला अर्धं वर्ष बर्फ पडतं आणि तुला बर्फ खाता येत नाही!

लीफ: आम्ही ते खात नाही, नुमाकाका. फावड्यानं बाजूला करतो.

नुमा: तेच दिसतंय.

लीफ: तुम्ही जरा हळू सांगाल का? संध्याकाळी क्लोटिल्डच्या आजींसमोर बसायचं आहे. मला एकही चूक करायची नाही.

नुमा: माझी आई आहे ती. मी साठी ओलांडली, तरी तिच्यासमोर रोज सकाळच्या कॉफीपर्यंत माझ्या चार चुका होतात. आणि तू म्हणे एकही करणार नाहीस!

लीफ: तुम्हाला त्या घराबाहेर काढत नाहीत. मला काढतील. क्लो म्हणाली, आजी 'हो' म्हणाली तर लग्न. मी विचारलं, नाही म्हणाली तर?

नुमा: मग काय म्हणाली?

लीफ: उठली आणि केस करून घ्यायला निघून गेली.

नुमा: हं. मग खरंच आहे ते. आईबाप गेल्यावर म्हातारीनंच वाढवलं तिला. आजीचं मन मोडून ती पोर चर्चची पायरी चढायची नाही. तेव्हा नीट ऐक. वाजतगाजत मयत चाललेलं दिसलं की मागून चालायला लागायचं. कुणाचं मयत, हे विचारायचं नाही.

लीफ: ओळख नसली तरी?

नुमा: कबरस्तान येईपर्यंत होते ओळख. नाचता येत नसेल तर रुमाल हलव. पुढची गोष्ट. पत्ता सांगताना उत्तर-दक्षिण काढायचं नाही. नदीकडं, तळ्याकडं, प्रवाहाच्या वर, प्रवाहाच्या खाली. बस, एवढ्याच दिशा.

लीफ: मी सकाळी फोनमधलं होकायंत्र पाहिलं. तुम्ही नदीच्या ज्या काठाला 'पश्चिम काठ' म्हणता, तिथून सूर्य उगवत होता.

नुमा: तिथूनच उगवतो.

लीफ: असं कसं?

नुमा: नदीनं गिरकी घेतली, त्याला सूर्य काय करणार? ते यंत्र खिशात ठेव. इथं त्याचं डोकं फिरतं आणि मग तुझंही फिरेल.

लीफ: अजून एक विचारू? बस चालवणाऱ्या बाई मला 'बाळा' म्हणाल्या. 'मागं सरक, बाळा.' मग कोळंबीवाला 'बाळा' म्हणाला. त्याला पांढरी दाढी होती. अशा वेळी काय म्हणायचं?

नुमा: 'बरं, बाळा' म्हणायचं.

लीफ: दाढीवाल्याला?

नुमा: मी पोस्टमनला म्हणतो, तो मला म्हणतो. परवा एकाची गाडी माझ्या गाडीला घासली. 'आंधळा आहेस का रे, बाळा?' असंच विचारलं मी. पण आईला नको हं म्हणू. तिथं आपलं 'मिसेस फिलोमीन'. 'आजी' कधी म्हणायचं ते ती सांगेल. आणि त्या पिशवीत काय आहे? मघापासून लेकरासारखी पोटाशी धरलीयस.

लीफ: आजींसाठी... मिसेस फिलोमीनसाठी. माझ्या आईनं पाठवलंय. आमच्या तळ्यांत उगवतो. रानतांदूळ. काळा असतो.

नुमा: तांदूळ.

लीफ: हो.

नुमा: सोमवारी. लाल घेवडा-भाताच्या दिवशी. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात तू डुलूथहून तांदूळ आणलास.

लीफ: चुकलं का?

नुमा: चुकलं कसं म्हणू? पोपला बायबल भेट देण्यातला प्रकार आहे. पण धैर्य आहे हो तुझ्यात!

लीफ: निदान रस्ता तरी चुकणार नाही. काल मी एकटा येऊन तो बघून गेलो.

नुमा: काय बघून गेलास?

लीफ: घर. क्लो दमून झोपली होती. म्हटलं, आज उशीर व्हायला नको. म्हणून या कोपऱ्यापासून पार चर्चपर्यंत चालून पाहिलं.

नुमा: पायी?

लीफ: हो.

नुमा: आमच्या गल्लीतून?

लीफ: संध्याकाळी. लोक ओट्यांवर बसले होते.

नुमा: आणि तू काय म्हणालास?

लीफ: कुणाला?

नुमा: ओट्यांवरच्या लोकांना!

लीफ: काही नाही. ते आपल्या घरी निवांत बसले होते. मी मान खाली घालून, पलीकडच्या कडेनं, पटपट गेलो. कुणाला त्रास नको म्हणून.

नुमा: तो गोळा खाली ठेव.

लीफ: का?

नुमा: ठेव म्हणतो ना. हिरवं दार. निळी खुर्ची. म्हातारी, मांडीवर परात, घेवडा निवडतेय. अशी कुणी दिसली होती?

लीफ: हो. चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या.

नुमा: मग तू काय केलंस?

लीफ: मी... खाली वाकून बुटाची नाडी बांधली.

नुमा: तिच्या दारात?

लीफ: समोरच्या कडेला. हळूच.

नुमा: अरे देवा. अरे पोरा, पोरा! त्यापेक्षा तिच्या खिडकीवर दगड मारला असतास तरी चाललं असतं! दगड मारणाऱ्याशी भांडता तरी येतं. कुणाचा रे तू, म्हणून विचारता येतं. भांडताभांडता त्याला लिंबूसरबत द्यायची वेळ येते. पण जो मूग गिळून दारावरून जातो, त्याचं करायचं काय?

लीफ: त्या क्लोच्या आजी होत्या?

नुमा: होत्या, आहेत, आणि त्यांच्या स्मरणशक्तीला अजून काही झालेलं नाही.

लीफ: मी आत्ता जातो आणि माफी मागतो.

नुमा: मुळीच नाही. माफी मागितलीस की तिला माफ करावं लागेल. ते काम तिला आवडत नाही.

लीफ: नुमाकाका, मी उद्धटपणा नाही केला. आमच्याकडे माणूस एकटा बसलेला दिसला तर त्याला एकटं बसू देतात. तोच मान. रात्री बर्फ पडलं, तर शेजारी उठायच्या आत त्याच्या दारातलं काढून ठेवतात आणि परत घरात जातात. मी करतो, माझे वडील करतात. त्याबद्दल कुणी कधी बोलत नाही.

नुमा: कधीच?

लीफ: बोललं तर तो लाजेल.

नुमा: चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. पण माझ्या आईच्या दारात बर्फ पडत नाही, तिथं तू काय काढून ठेवणार? हे बघ, सूर्य अजून वर आहे. पुन्हा चाल. तिकडच्या टोकापासून, चर्चपाशी सुरुवात कर. आमच्या बाजूनं चाल, आणि एकेक ओटा घे. एकही सोडायचा नाही.

लीफ: ओट्यावर कुणी नसलं तर?

नुमा: असतंच. या उकाड्यात निम्मी म्हातारी माणसं खिडकीच्या झडपांआड बसतात. तू त्यांना दिसतोस, ती तुला दिसत नाहीत. झडप बंद दिसली तरी बोलायचं.

लीफ: झडपेशी?

नुमा: झडपेशी. 'शुभ संध्याकाळ, कसं काय?' आणि मग, हे सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही. 'कसं काय' विचारून पुढं पळणारा माणूस म्हणजे चोर. विचारलंस, तर ऐकून जा.

लीफ: उत्तर लांब असलं तर?

नुमा: लांबच असणार. लिओकाडीबाईला पित्त आहे, ते लग्नापासूनचं आहे, तेव्हा ती लग्नापासून सुरुवात करेल. उर्सिन सुताराला सरकारबद्दल बोलायचं असतं. बोलू दे. घड्याळाकडं बघायचं नाही.

लीफ: त्यांनी उलट मला विचारलं तर? 'छान आहे' म्हणू?

नुमा: 'छान' म्हटलं की संपलं बोलणं. काहीतरी दुखतंय म्हणावं.

लीफ: पण माझं काही दुखत नाही.

नुमा: लग्न मोडायची वेळ आलीय, आणि याचं काही दुखत नाही! गुडघा म्हण.

लीफ: खोटं कसं बोलू?

नुमा: मग खरं शोध की काहीतरी.

लीफ: मान भाजलीय उन्हानं.

नुमा: दाखव. अरे वा, उकडलेल्या खेकड्यासारखी झालीय! झकास. प्रत्येक ओट्यावर दाखव. आता पळ. नाही, पळू नकोस. चाल. त्याहून हळू. अजून हळू. हां, असा. जा, बाळा.

(ऊन कललं आहे. हिरव्या दाराच्या ओट्यावर निळ्या खुर्चीत फिलोमीन, खालच्या पायरीवर तिचा मुलगा नुमा. दूर चर्चच्या टोकाला एक उंच माणूस.)

फिलोमीन: लिओकाडीच्या दारात खांब कुणी रोवला?

नुमा: खांब नाही आई, माणूस आहे.

फिलोमीन: हलत नाही.

नुमा: लिओकाडी बोलतेय.

फिलोमीन: मग आता खांबच झाला असेल त्याचा. कोण आहे?

नुमा: असेल कुणीतरी पाहुणा.

फिलोमीन: नुमा, तू कान चोळतोयस.

नुमा: डास आहेत.

फिलोमीन: लहानपणी पेकानच्या वड्या चोरायचास, तेव्हाही डासच असायचे. तोच आहे तो, कालचा. बूट ओळखले मी. पडावाएवढे बूट.

नुमा: कालचा कोण?

फिलोमीन: माझ्या दारासमोर नाडी बांधून गेला तो. नाडी सुटलेली नव्हती.

नुमा: ते तुला इथून दिसलं?

फिलोमीन: मोतीबिंदू डोळ्यात झालाय, डोक्यात नाही.

नुमा: मग तो कोण आहे हेही...

फिलोमीन: क्लोनं फोटो पाठवलाय की. फोटोत कुडकुडत होता, काल भाजत होता. एवढाच काय तो फरक.

नुमा: म्हणजे तुला ठाऊक होतं! अगं मग हाक का नाही मारलीस?

फिलोमीन: मी? बसलेल्यानं हाक मारायची आणि चालणाऱ्यानं नाडी बांधायची, हा कायदा कधी झाला?

नुमा: म्हणून आत तीनच ताटं काढून ठेवलीयस?

फिलोमीन: मी, तू, क्लो. चौथं कोण आहे घरात?

नुमा: आई, त्याला माहीत नव्हतं गं. त्यांच्याकडची रीत वेगळी. एकट्या माणसाला एकटं बसू द्यायचं, हाच मान.

फिलोमीन: मेल्यावर एकटं बसणारच आहे मी, कबरस्तानातल्या दगडी खोलीत, तुझ्या बापाशेजारी. आत्तापासून मान कशाला?

नुमा: आणि बर्फ पडलं की पहाटे उठून शेजाऱ्याच्या दारातलं काढून ठेवतो तो. गुपचूप. सांगतसुद्धा नाही.

फिलोमीन: मग शेजाऱ्याला कळतं कसं, कुणी काढलं?

नुमा: कळत नाही.

फिलोमीन: मग त्यानं दुसऱ्या दिवशी केक कुणाच्या घरी पाठवायचा?

नुमा: ते मी नाही विचारलं.

फिलोमीन: विचारायचं होतंस. नुमा, थट्टा पुरे. क्लो पहिल्यांदा तिकडं गेली तेव्हा फोनवर तास-तास बोलायची. बसमधल्या बाईची सून काय म्हणाली, दुकानातल्या म्हाताऱ्याची मांजर कुठं व्याली. आता मी विचारते, 'आज कुणाशी बोललीस गं?' तर म्हणते, 'कामावर बोलले.' एवढंच. माझी पोर तिथं मुकी होत चाललीय. आणि हा तिला जन्मभर तिथं ठेवणार. मला भीती वाटते रे. मी कसं 'हो' म्हणू?

नुमा: तो बघ, उर्सिनकडं पोचला.

फिलोमीन: बघतेय. उर्सिननं हातात पाण्याची नळी दिली त्याच्या.

नुमा: अंगण भिजवून घेतोय त्याच्याकडून. लबाड.

फिलोमीन: आता हा पाठ फिरवून का उभा राहिला?

नुमा: मान दाखवतोय. भाजलीय.

फिलोमीन: हे कुणी शिकवलं त्याला?

नुमा: डासांनी.

फिलोमीन: वाटलंच मला. आणि उर्सिन झाडावर हात का घालतोय?

नुमा: लोकाट तोडून देतोय त्याला! मला आजवर एक दिला नाही मेल्यानं.

फिलोमीन: तू मागतोस म्हणून. मागणाऱ्याला उर्सिन देत नाही.

नुमा: चांगला आहे गं पोरगा. जरा मुखदुर्बळ आहे, पण एकही ओटा सोडला नाही. अरेरे. अरेरेरे.

फिलोमीन: आता काय झालं?

नुमा: युलालीचं घर. तिथं कुणी राहत नाही, हे सांगायलाच विसरलो मी. कुंड्या बघून कुणी राहतंय असं वाटलं त्याला. थांब, हाक मारतो.

फिलोमीन: नको.

नुमा: अगं, मीच सांगितलंय त्याला, उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही म्हणून. तिथंच उभा राहील बिचारा, लग्नाची तारीख टळून जाईल.

फिलोमीन: गप्प बस म्हटलं ना.

नुमा: झडपेशी बोलतोय.

फिलोमीन: हं.

नुमा: आता कान लावतोय. पुन्हा बोलतोय. आई... तू रडतेयस का?

फिलोमीन: ऊन आहे डोळ्यावर. पूर ओसरल्यावर मी पहिली परत आले या गल्लीत, आठवतं? तू तेव्हा लोकांच्या भिंतींचा गिलावा करत गावभर फिरत होतास. मी इथं बसायचे. दारावरून चिटपाखरू जायचं नाही. बघायला कुणी नाही, बोलायला कुणी नाही. तेव्हा मी इथूनच ओरडायचे, 'युलाली, कशी आहेस गं?' रोज. वाटायचं, येईल एक दिवस, झडप उघडेल आणि म्हणेल, 'काय ओरडतेस, मी काय बहिरी आहे का?' मग पुरात तिला नेलं होतं त्या ह्यूस्टनहून निरोप आला की ती तिकडंच वारली. त्यानंतर कुंड्यांना पाणी घालते मी तिच्या. पण तोंडातून शब्द निघत नाही त्या दारात. नाहीच निघत.

नुमा: मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून तू गुपचूप येतेस-जातेस.

फिलोमीन: तुला भिंतींचं कळतं, नुमा. माणसांचं तुझ्या बापाला कळायचं.

नुमा: आता वाकला तो. काहीतरी ठेवलं तिच्या पायरीवर.

फिलोमीन: काय ठेवलं?

नुमा: डोंबल! तुझी भेट ठेवली असेल. आला, आला. केस नीट कर.

फिलोमीन: माझे केस नीटच असतात. तू सरळ बस.

लीफ: शुभ संध्याकाळ, मिसेस फिलोमीन. कशा आहात?

फिलोमीन: हातात काय काय आहे ते आधी खाली ठेव. ओझ्याच्या गाढवाशी मी बोलत नाही.

लीफ: हे लोकाट, उर्सिनकाकांचे. हे मिरच्यांचं लोणचं, लिओकाडीबाईंचं. पित्ताला चांगलं असतं म्हणाल्या.

नुमा: म्हणूनच तिचं पित्त गेलं नाही.

लीफ: ही अंडी त्या पिवळ्या घरातल्या आजोबांनी दिली. नाव सांगितलं त्यांनी, पण ते युद्धापर्यंत पोचले तोवर मी विसरलो.

फिलोमीन: आणि त्या कुंड्यांच्या घरापाशी काय करत होतास?

लीफ: बोललो. आतल्या बाई बोलल्या नाहीत.

फिलोमीन: बाई आहेत, हे कशावरून?

लीफ: कुंड्या फार मायेनं ठेवल्यात. एक पान वाळलेलं नाही. म्हणून वाटलं. मी पुन्हा विचारलं. मग वाटलं, बरं नसेल, पडून असतील. आमच्याकडे असं असलं की दारात काहीतरी ठेवून निघतात. म्हणून तांदूळ ठेवला. तो खरं तर तुमचा होता. माफ... नाही. माफी मागायची नाही, असं नुमाकाका म्हणाले.

नुमा: माझं नाव कशाला घेतोस मध्ये?

लीफ: पण उत्तर न मिळताच मी तिथून हललो. तेवढा एक नियम मोडला. तुमच्याशी बोलून झालं की परत जाऊन उभा राहतो.

नुमा: अरे पोरा, त्या घरात—

फिलोमीन: नुमा, आत जाऊन घेवडा बघ. खाली लागेल.

नुमा: मंद आचेवर आहे की.

फिलोमीन: मंद आहे का, ते बघ जा. आणि जाताना ते दार ओढून घे. कान आत ठेव आणि नाक घेवड्यात.

लीफ: मी काही चुकीचं केलं का?

फिलोमीन: त्या घरात युलाली राहायची. आम्ही एका वर्गात होतो, एकाच दिवशी पहिलं प्रभुभोजन घेतलं, एकाच वर्षी विधवा झालो. पुरानंतर ती परत आली नाही. घरात कुणी नाही, बाळा. मी पाणी घालते कुंड्यांना.

लीफ: मला माहीत नव्हतं. मी तांदूळ परत आणतो.

फिलोमीन: राहू दे आजचा दिवस. तिला जन्मात भात जमला नाही, दर सोमवारी करपवायची. आता म्हणेल, हा कोण गोरा पोरगा, मला काळा भात आयताच आणून दिला!

लीफ: हसलं तर चालेल का?

फिलोमीन: चालेल? युलालीवर हसलं नाहीस तर तिला राग येईल. आता हसून झालं असेल तर सांग. क्लोला तू तिकडं नेणार. तिथं तिच्याशी बोलणार कोण?

लीफ: मी.

फिलोमीन: तू! नाडी बांधणारा!

लीफ: मी बोलायला मंद आहे, ते खरं आहे. पण ती बोलते तेव्हा ऐकतो सगळं. आणि मी घरं बांधतो, मिसेस फिलोमीन. आमच्या घराला ओटा नाही, तिकडं कुणाच्याच घराला नाही. या उन्हाळ्यात मी बांधतो. रस्त्याकडं तोंड असलेला.

फिलोमीन: आणि बर्फात त्यावर कोण बसेल?

लीफ: क्लो म्हणते, ती कोट घालून बसेल.

फिलोमीन: बसेल ती. वेडी आहे माझ्यासारखी. आणि समोरून जाणारे काय करतील?

लीफ: पहिला हिवाळा नाड्या बांधतील.

फिलोमीन: आणि दुसरा?

लीफ: क्लोच्या हातून कुणी दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत सुटेल, असं मला वाटत नाही. आम्ही भेटलो त्या पहिल्याच शुक्रवारी मी नाही सुटलो.

फिलोमीन: हं. हा बोलतो तर खरा.

नुमा: (आतून) आई! घेवडा झाला! ताटं तीनच ठेवू ना?

फिलोमीन: चार! आणि उर्सिनला सांग, लोकाटांबद्दल रविवारी केक येईल! ...तू असा उभा का अजून? बस की.

लीफ: तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मघाशी मी विचारलं होतं, कशा आहात.

फिलोमीन: घाई आहे तुला?

लीफ: नाही, मिसेस फिलोमीन. उभा आहे.

फिलोमीन: आजी म्हण. आधी तिचं उत्तर घे, म्हणजे तुला परत जायला नको. युलाली बरी आहे. आणि मी... मी कालच्यापेक्षा बरी आहे.